बीपीची गोळी कटिंगच्या खुर्चीपर्यंत: लॉस एंजेलिसच्या बार्बरशॉपमधला प्रयोग

हृदयविकारातली वांशिक दरी कमी करण्यासाठी अमेरिकेत वस्त्यांमध्ये जाऊन अनेक अभ्यास झाले. त्यांतला लॉस एंजेलिस काउंटीतल्या ५२ बार्बरशॉपमधला अभ्यास इथे सविस्तर मांडला आहे. तो मार्च २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निकाल फार मोठा होता, पण माझ्या लेखी महत्त्वाची आहे ती निकालाआधीची वाट: आधीचा प्रयोग कुठे अडकला आणि मग नेमकी कोणती गोष्ट बदलली. दुकानमालक, बार्बर आणि ग्राहक यांच्यापैकी कुणाचंही नाव इथे दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

उच्च रक्तदाबाशी निगडित मृत्यूंचं प्रमाण अमेरिकेत सर्वांत जास्त आहे ते कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये. देशातल्या निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय प्रौढांचं बीपी वाढलेलं असतं. ते गोऱ्यांच्या तुलनेत लहान वयात वाढायला लागतं आणि पक्षाघात, हृदय कमकुवत होणं, मूत्रपिंड निकामी होणं हे सगळं त्याच्या मागोमाग येतं.

हे ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असं म्हणून विषय संपवण्याची सवय वैद्यकातही बराच काळ होती. ‘रीगार्ड्स’ नावाच्या अभ्यासात ४५ वर्षांवरच्या ३० हजारांहून अधिक कृष्णवर्णीय आणि गोऱ्या प्रौढांची नोंद आहे. २०१८ मध्ये त्यातून प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार कृष्णवर्णीय पुरुषांमधल्या जादा उच्च रक्तदाबाचा जवळपास निम्मा वाटा दक्षिणी पद्धतीच्या आहाराशी जोडलेला निघाला: तळलेले पदार्थ, प्रक्रिया केलेलं मांस, गोड पेयं. माणूस काय खातो हे तो कुठे राहतो, हातात किती पैसा आहे आणि जवळच्या दुकानात काय मिळतं यावर ठरतं. घरं कुणाला कुठे घेता येतील हे अमेरिकेत अनेक दशकं वंशावर ठरत होतं. तेव्हा ‘रक्तातच आहे’ हे उत्तर पुरत नाही.

दुसरी बाजू उपचारांची. बीपीच्या गोळ्या स्वस्त आहेत, जुन्या आहेत, त्यांचा गुण येतो हे सिद्ध झालेलं आहे. तरीही कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये बीपी आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण कमी राहत होतं, अगदी कृष्णवर्णीय स्त्रियांपेक्षाही कमी. त्याचं एक साधं कारण म्हणजे पुरुष डॉक्टरकडे कमी जातात. विमा नसणं, रोजंदारी बुडणं ही कारणं आहेतच. शिवाय अविश्वास आहे आणि तो निराधार नाही. अलाबामातल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. ज्या घरांतून ही गोष्ट पुढच्या पिढीला सांगितली गेली, त्या घरातला माणूस ‘संशोधन’ म्हटलं की दोन पावलं मागे सरकणारच.

नेमका पेच

बीपी दुखत नाही, पेच सुरू होतो तो इथूनच. वरचं बीपी १६० असलेला माणूस दिवसभर काम करतो, जेवतो, झोपतो. त्याला डॉक्टरकडे जायचं कारणच दिसत नाही. गेलाच तर एकदा गोळी चालू होते, महिन्याने परत यायला सांगितलं जातं, तो जात नाही. गेला तरी डॉक्टर पुष्कळदा ‘मीठ कमी करा, बघू पुढच्या वेळी’ म्हणून डोस तसाच ठेवतात. बीपी आटोक्यात आणायला बहुधा दोन-तीन औषधं आणि दर थोड्या दिवसांनी डोसची फेरतपासणी लागते. दर वेळी रजा काढून दवाखाना गाठणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही साखळी हमखास तुटते.

मग जिथे हा माणूस आपण होऊन, नेमाने, वर्षानुवर्षं जातो अशी जागा कोणती? बार्बरशॉप. लॉस एंजेलिसच्या अभ्यासात आलेले पुरुष साधारण दर दोन आठवड्यांनी कटिंगला जाणारे होते, आणि सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ एकाच बार्बरकडे. इतकं नेमाने आपल्यापैकी कोण डॉक्टरकडे जातं? कृष्णवर्णीयांच्या मालकीचं बार्बरशॉप ही त्यांच्या वस्तीतली बैठकीची जागा आहे. राजकारण, बास्केटबॉल, चर्च, कुणाचं लग्न, कुणाची नोकरी गेली, सगळं तिथे बोललं जातं. बाहेर ज्या माणसाला जपून बोलावं लागतं, त्याला तिथे मोकळं बोलता येतं.

ही कल्पना काही एकाएकी सुचलेली नव्हती. बाल्टिमोरचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. इलायजा साँडर्स यांनी कित्येक वर्षं आधी बार्बरशॉप आणि चर्चमध्ये बीपी तपासणीची वाट घालून दिली होती.

डॅलसमध्ये काय झालं

लॉस एंजेलिसच्या अभ्यासाचे प्रमुख डॉ. रोनाल्ड व्हिक्टर त्याआधी टेक्सासमधल्या डॅलसला होते. तिथे २००६ ते २००८ दरम्यान त्यांनी कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या १७ बार्बरशॉपमध्ये पहिला मोठा यादृच्छिक अभ्यास केला, म्हणजे कोणतं दुकान कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. बार्बरना बीपी मोजायला शिकवलं. दर कटिंगला बीपी मोजायचं, जास्त आलं तर ग्राहकाला डॉक्टरकडे पिटाळायचं. भिंतीवर पोस्टर लावली होती आणि त्यांवर ओळखीच्याच गिऱ्हाइकांच्या गोष्टी होत्या: मी तपासून घेतलं, मी औषध घेतो. डॉक्टरच्या सहीचं कार्ड परत आणलं तर कटिंग फुकट. तुलनेच्या दुकानांत फक्त माहितीपत्रकं.

बार्बरनी काम चोख केलं. आपला बार्बर विचारतोय म्हटल्यावर गिऱ्हाइकांनी हात पुढे केले. पण निकाल बेताचाच लागला. बीपी आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ८.८ टक्क्यांनी जास्त वाढलं आणि सरासरी वरच्या बीपीतला फरक जेमतेम होता.

पहिला खरा निर्णय इथे होता. असा निकाल हाती आला की दोन मोह होतात. एक, ‘सुधारणा झाली’ म्हणून हाच कार्यक्रम शंभर दुकानांत न्यायचा. दुसरा, ‘लोकच ऐकत नाहीत’ म्हणून सोडून द्यायचा. व्हिक्टर आणि सहकाऱ्यांनी यांतलं काहीच केलं नाही. साखळी खुर्चीपासून दवाखान्यापर्यंत पाहिली तर बार्बरचा दुवा पक्का होता. कच्चा दुवा पुढचा होता: गिऱ्हाईक दवाखान्यात पोहोचणं, आणि पोहोचल्यावर औषध पुरेसं वाढवलं जाणं. म्हणजे लोकांना पटवण्यात डॅलसचा प्रयोग कमी पडला नव्हता. पटलेल्या माणसाला वेळेवर औषध देणारी व्यवस्थाच तिथे नव्हती.

वस्तीत जाऊन आरोग्याचं काम करणाऱ्यांनी या ठिकाणी जरूर थांबावं. आपण बहुतेक कार्यक्रम ‘जागृती’वर आणून संपवतो. शिबिर होतं, मशीन लावलं जातं, चिठ्ठीवर आकडा लिहून दिला जातो, फोटो निघतात. १७० आकडा घेऊन घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणी मागे राहत नाही.

समोर कोणते मार्ग होते

बार्बरला आणखी प्रशिक्षण, आणखी पाठपुरावा, आणखी बक्षिसं हा एक मार्ग. यात कच्चा दुवा तसाच राहतो.

दवाखानेच सुधारावेत हा दुसरा, आणि तो पोकळ मुळीच नव्हता. उत्तर कॅलिफोर्नियात कैसर परमनेंटे या संस्थेने रुग्णांची एकत्र नोंदवही, ठरलेला औषधक्रम आणि एका गोळीत दोन औषधं यांच्या जोरावर बीपी आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण २००१ ते २००९ या काळात सुमारे ४४ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेलं होतं. पण ती विमा असलेली, संस्थेच्या यादीत असलेली माणसं. जो दवाखान्याच्या दारातच येत नाही, त्याला नोंदवही कुठून सापडणार?

डॉक्टरांनाच दुकानात बसवणं हा तिसरा मार्ग. तो महाग, आणि इतके डॉक्टर मिळणंही अवघड.

चौथा मार्ग फार्मासिस्टचा. आपल्याकडे फार्मासिस्ट म्हटलं की मेडिकलच्या काउंटरपलीकडचा माणूस डोळ्यांसमोर येतो, म्हणून थोडं स्पष्ट करायला हवं. अमेरिकेत आज फार्मासिस्ट व्हायला फार्म-डी ही डॉक्टरेट दर्जाची व्यावसायिक पदवी लागते. डॉक्टरशी लेखी करार असेल तर ठरलेल्या चौकटीत औषध सुरू करणं, डोस बदलणं, त्यासाठी तपासण्या करणं हे तो करू शकतो. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून हे अधिकार आणखी वाढवले. डॉक्टर आणि फार्मासिस्ट मिळून काम करतात तिथे बीपी अधिक उतरतं, हे आधीच्या अभ्यासांतून दिसलेलं होतंच. ते काम दवाखान्याबाहेर, केस कापायच्या दुकानात होईल का, हे पाहायचं होतं.

हा मार्ग निवडला गेला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय तोच. वस्तीतल्या जागेचा वापर रुग्ण ‘पकडून’ दवाखान्याकडे पाठवण्यापुरता न ठेवता, उपचारच तिथे आणायचे असं ठरलं.

प्रत्यक्षात काय केलं

व्हिक्टर तोवर लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात आले होते. वरचं बीपी १४० किंवा त्याहून जास्त असलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष अभ्यासात आले, सगळे त्या त्या दुकानाची नेहमीची गिऱ्हाइकं.

चिठ्ठ्या माणसांच्या नावाने टाकल्या नाहीत, दुकानांच्या नावाने टाकल्या. कारण उघड आहे. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला दुकानात औषध मिळतं आणि आपल्याला नुसता सल्ला, असं झालं तर अर्ध्या तासात सगळ्या दुकानाला कळणार. मग दोन गट वेगळे उरतच नाहीत.

एका गटातल्या दुकानांत बार्बर गिऱ्हाइकाला फार्मासिस्टला भेटायचा आग्रह करत. दुसऱ्या गटात बार्बर खाण्यापिण्यातले बदल सांगत आणि डॉक्टरची वेळ घ्यायला लावत. दुसरा गट वाऱ्यावर सोडलेला नव्हता ही बाब महत्त्वाची. विश्वासातल्या माणसाने नीट सल्ला दिला तर किती फरक पडतो, हे त्यातूनच कळणार होतं.

फार्मासिस्टच्या भेटी दुकानातच होत. तो बीपी मोजे, गोळ्या घेतल्या का, पाय सुजतात का, चक्कर येते का हे विचारे, औषध लिहून देई. सुरुवात बहुधा दोन औषधांनी: अ‍ॅम्लोडिपिन आणि जोडीला अँजिओटेन्सिन अडवणाऱ्या गटातलं एक. पुरलं नाही तर इंडापामाइडसारखं लघवी वाढवणारं तिसरं. सगळी दिवसातून एकदा घ्यायची आणि दीर्घकाळ टिकणारी. एखादी मात्रा चुकली तरी बीपी लगेच उसळू नये, हा त्यामागचा विचार. औषधांमुळे रक्तातले क्षार बिघडत नाहीत ना, यावरही फार्मासिस्टच लक्ष ठेवत. प्रत्येक भेटीची टिपणं गिऱ्हाइकाच्या डॉक्टरकडे जात. म्हणजे डॉक्टरला वगळलेलं नव्हतं, फक्त दर वेळी त्याच्या दारात जाण्याची अट काढली होती.

लक्ष्य १३०/८० च्या खाली ठेवलं होतं. भेटीमागे गिऱ्हाइकाला २५ डॉलर दिले जात, जेनेरिक औषधांचा आणि औषधाच्या दुकानापर्यंत जाण्यायेण्याचा खर्च भरून निघावा म्हणून. या रकमेला नुसतं प्रलोभन म्हणणं मला पटत नाही. गरीब माणसाला औषध मोफत नाही, पण संशोधकाला त्याची माहिती मोफत हवी, असा व्यवहार वर्षानुवर्षं चालत आला आहे. इथे निदान तो बदलला.

सामान्य माणसाच्या मनातली एक भीती या रचनेत आपोआप हाताळली गेली: एकदा गोळी लागली की कायमची लागली, आणि मग आपण ‘पेशंट’ झालो. दवाखान्याच्या बाकावर बसलं की माणूस पेशंट होतो. बार्बरच्या दुकानात तो आधी गिऱ्हाईक असतो, सगळ्यांच्या ओळखीचा असतो आणि बीपीचं बोलणं गळ्याभोवतीचं कापड झटकता झटकता होतं. बार्बर पुढच्या वेळी विचारणार हे त्याला माहीत असतं. विचारणारा माणूस रागावणारा नाही, आपला आहे, हेही माहीत असतं.

निष्पत्ती

सुरुवातीला फार्मासिस्ट गटाचं सरासरी वरचं बीपी १५२.८ होतं, दुसऱ्या गटाचं १५४.६. सहा महिन्यांनी पहिल्याचं १२५.८ झालं, दुसऱ्याचं १४५.४. सगळे हिशेब जमेस धरून फार्मासिस्ट गटातली घट २१.६ अंकांनी जास्त निघाली. १३०/८० च्या खाली पोहोचलेले पहिल्या गटात ६३.६ टक्के, दुसऱ्यात ११.७ टक्के. बीपीच्या अभ्यासांत पाच-सात अंकांचा फरकसुद्धा मोलाचा मानतात, तिथे हा आकडा डोळे विस्फारायला लावणारा होता.

याच्या इतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा: सहा महिन्यांअखेर ९५ टक्के माणसं अभ्यासात टिकून होती. ज्यांना वैद्यकाने ‘हाताला न लागणारे’ म्हणून बाजूला ठेवलं होतं, तीच ही माणसं.

१२ महिन्यांचे निकाल नंतर आले. पहिल्या गटातली घट टिकली, २८.६ अंक. दुसऱ्या गटात ७.२. हे निकाल छापून येण्याआधीच, सप्टेंबर २०१८ मध्ये, डॉ. व्हिक्टर वारले.

तोटे नव्हते असं नाही. फार्मासिस्ट गटातल्या तिघांच्या मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याची नोंद आहे. औषधं झपाट्याने वाढवायची तर रक्ततपासणी सोडून चालत नाही, याची ती आठवण आहे. हीच रचना कुणी उचलली आणि खर्च वाचवायला तपासणी गाळली, तर गत वाईट होईल.

दुसऱ्या गटाकडे पुन्हा पाहावंसं वाटतं. तिथेही पहिल्या सहा महिन्यांत नऊ अंकांची घट झाली. काही अंशी हे आकड्यांचं नैसर्गिक उतरणं असणार, कारण जास्त बीपी आलेल्यांनाच निवडलं की पुढच्या वेळी सरासरी थोडी खाली येतेच. काही अंशी बार्बरच्या बोलण्याचाही गुण असेल. पण औषध घेणाऱ्यांचं प्रमाण त्या गटात ५३ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांपर्यंतच गेलं. फार्मासिस्ट गटात ते ५५ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर पोहोचलं. बार्बर दोन्हीकडे होते, विश्वासही दोन्हीकडे होता. औषध लिहिण्याचा अधिकार असलेला माणूस मात्र एकाच गटातल्या दुकानांत येत होता.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला आक्षेप रचनेवर. फार्मासिस्टचा परिणाम किती आणि बार्बरचा किती, हे या अभ्यासातून सुटं करता येत नाही. फार्मासिस्ट दुसऱ्याच एखाद्या जागी बसवला असता, समजा वस्तीतल्या वाचनालयात, तर काय झालं असतं? तिसरा गट ठेवला असता तर उत्तर मिळालं असतं, पण दुकानं, माणसं आणि पैसा सगळंच जास्त लागलं असतं. माझा अंदाज असा की वाचनालयातल्या फार्मासिस्टला पहिल्या महिन्यानंतर भेटायला फार थोडे आले असते. तो अंदाजच आहे.

दुसरा मुद्दा सहभागाचा. दुकानं वस्तीची, बार्बर वस्तीचे, पण कोणती औषधं, किती महिने, निकष कोणता, यश म्हणजे काय, हे रुग्णालयाच्या बाजूने ठरलं. वैद्यकीय बाबतीत ते योग्यच. पण अभ्यास संपल्यावर या दुकानांत पुढे काय चालू राहील आणि कोण चालवेल, हा प्रश्न पहिल्या दिवशी बार्बरसोबत बसून सोडवण्याजोगा होता. मिसिसिपीतल्या जॅक्सन हार्ट स्टडीत ५,३०६ कृष्णवर्णीय प्रौढांचा अभ्यास करताना टुगालू कॉलेज आणि जॅक्सन स्टेट विद्यापीठ या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्था सुरुवातीपासून भागीदार होत्या. विद्यार्थ्यांना संशोधनाचं प्रशिक्षण देणं हा त्या कामाचाच भाग होता. आकडे गोळा झाले तरी माणसं आणि कौशल्य वस्तीत उरतं, याची ती सोय होती.

तिसरं, निवड. नेमाने कटिंगला जाणारा, वर्षानुवर्षं एकाच दुकानाशी बांधलेला माणूस हा वस्तीतला त्यातल्या त्यात स्थिर माणूस असतो. ज्याचं घर सुटलं, जो तुरुंगातून नुकताच आला, ज्याला दर पंधरवड्याला कटिंग परवडत नाही, तो या जाळ्यात येत नाही. स्त्रियांसाठीही ही जागा नाही. तिथे दुसरी जागा आणि दुसरा विश्वासातला माणूस शोधावा लागेल.

चौथं, गाडीतला वेळ. लॉस एंजेलिस अवाढव्य पसरलेलं शहर आहे, रस्ते कायम तुंबलेले. ५२ पैकी निम्म्या दुकानांत जरी फार्मासिस्टने जायचं म्हटलं तरी दिवसाचा मोठा भाग स्टीअरिंगमागे जाणार. पहिल्या काही भेटी समोरासमोर आणि ओळख पक्की झाल्यावर उरलेल्या व्हिडिओवर, ही सोय आधीपासून आखता आली असती. पहिली भेटच पडद्यावर ठेवणं मात्र मला धोक्याचं वाटतं, कारण सगळी इमारत ओळखीवर उभी आहे.

पैशाची बाजू

पुढे याच आकड्यांवरून दहा वर्षांचा हिशेब मांडला गेला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी आयुष्याच्या एका वाढीव वर्षामागे खर्च ५० हजार डॉलरच्या आत बसतो, असं त्यात निघालं. अमेरिकेतल्या मापाने हा खर्च सहज समर्थनीय ठरतो. हृदयशस्त्रक्रियेची आणि डायलिसिसची बिलं पाहिली तर तो किरकोळच वाटेल.

तरीही बिल कुणी भरायचं हे सुटलेलं नव्हतं. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात फार्मासिस्टला स्वतंत्र उपचारकर्ता म्हणून मान्यता नाही. त्याने दुकानात बसून तासभर डोस जुळवला, तरी डॉक्टरसारखं स्वतःच्या नावाने बिल लावता येत नाही. संशोधनाचं अनुदान असेतो पगार निघतो, अनुदान संपलं की तो दुकानात येणं थांबतं. बार्बरच्या वेळेचं मोल तर कुठल्याच विम्याच्या तक्त्यात नाही. राज्यांनी आपल्या मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विम्यातून फार्मासिस्टच्या सेवेचे पैसे द्यावेत का, बार्बरना आरोग्यसेवक म्हणून मानधन द्यावं का, हे प्रश्न विधिमंडळांच्या आणि विमा कंपन्यांच्या टेबलावरचे आहेत. पुढचा प्रयोग आखणाऱ्यांनी हृदयरोगतज्ज्ञाच्या शेजारी विम्याचा जाणकार पहिल्या बैठकीपासून बसवायला हवा. दुसऱ्या खुर्चीवर बार्बर हवा, आणि अनुदान संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचा खर्च कोण देणार, हे त्याच बैठकीत लिहून घ्यायला हवं.